मरत्या सूर्याखालची लाईन

प्रेमनं दोन वर्षं एक सूर्य मरणाच्या दारात धरून ठेवला होता. तांबडा, सुजलेला, आज जातो की उद्या असा. पण खाटेवरच्या चिवट म्हाताऱ्यासारखा जात मात्र नव्हता. त्याच्याखाली वाळवंट, वाळवंटात राखेची वादळं, आणि पाणी सोन्याहून महाग. हे सगळं जग लातुरात एका मेसच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी भरायचं. प्रेम गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे, आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासे ठरवायचे. मेसवाल्याला आधी वाटलं, वर जुगार चालतो. नाही म्हटल्यावर ही मंडळी त्याच्या मनातून उतरली.

खेळणारे आता दोनच उरले होते. बजरंग पुण्याला गेला, शिल्पाचं लग्न झालं. दोघांनाही वाळूनं गिळलं, असं प्रेमनं जाहीर करून टाकलं. राहिला औशाचा संगमेश्वर, खेळात मांत्रिक आणि एरवी बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात. आणि राहिली लुंबिनी. तिला नांदेडला सरकारी नोकरी लागली, हदगावला घरी पेढे वाटून झाले. तेव्हाच ती म्हणाली होती, "ही गोष्ट संपेस्तोवर दर रविवारी येते मी. अर्धवट सोडायची न्हाई."

तेव्हापासून प्रेम गोष्ट संपू देत नव्हता. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. लुंबिनीला तर मुळीच नाही.

आज खेळात लुंबिनी आणि संगमेश्वर जगातल्या शेवटच्या विहिरीपाशी पोचले. विहिरीवर राखेचा राक्षस, मागं तहानलेल्या टोळ्या. हे युद्ध दिवाळीपर्यंत सहज ओढता येईल, असा प्रेमचा बेत होता.

"राक्षस गुरगुरतो," प्रेम आवाज जाड करून म्हणाला. "काय करता?"

लुंबिनीनं फाशांना हातच लावला नाही. "मी घागर ठेवते."

"कुठं?"

"त्याच्या पायापाशी. लाईनीत."

"अगं, तलवार हाय की तुझ्याकडं!"

"तलवारीत पाणी बसतंय का?"

संगमेश्वर पुढं सरकला. "माझा हंडा हिच्या मागं. आन् टोळ्यांना सांगतो, भांडं नसंल तर दगड ठेवा, नंबर लागंल. मामा, तुमचा कितवा?"

"मामा कोण?"

"राक्षस."

प्रेमनं कपाळाला हात लावला. चूक त्याचीच होती. नळाचा दिवस लग्नाच्या तिथीसारखा पाठ असलेल्या, टँकरच्या आधी भांडी उभी करणाऱ्या माणसांना त्यानं विहीर दाखवली होती. भांडणं इथंही होतात, पण जागा न सोडता. बघता बघता टोळ्यांच्या पाळ्या लागल्या, म्हातारी माणसं पुढं घेतली गेली आणि विहीर सगळ्यांना पुरायला लागली. गोष्ट हातातून चालली.

"राक्षस उठतो," प्रेम एकदम म्हणाला, "आणि घागरींना लाथ मारतो. सगळं पाणी वाळूत!"

खालून ताटं विसळल्याचा आवाज येत होता.

"भरल्या घागरींना?" लुंबिनीनं विचारलं. हा तिच्या पात्राचा आवाज नव्हता.

"राक्षस हाय तो."

"आमच्या आजीच्या घागरीला विहिरीवर आसंच एकानं पायानं ढकललं होतं. तो राक्षस नव्हता, प्रेम. गावातलाच होता. रोज रामराम घालायचा."

प्रेमला तिच्याकडं बघवेना. फासे टाकून राक्षसाला मारता आलं असतं, पण ती लाथ प्रेमनं स्वतःच मारली होती.

"न्हाई मारली," तो म्हणाला. "राक्षस... लाईनीत जाऊन उभा राहिला."

"शेवटी?" लुंबिनीनं विचारलं.

"पार शेवटी."

"मग झालं की!" संगमेश्वर खूश झाला. "संपली गोष्ट. कसलं भारी संपलं!"

"सूर्य राहिलाय अजून," प्रेम म्हणाला.

आणि तो सूर्य विझवायला लागला. आधी कडा काळवंडल्या. मग सावल्या लांबल्या. मग वाळूचा रंग सांगितला, मग वाऱ्याचा वास, मग तो वास पुन्हा एकदा. लुंबिनीनं बॅग खांद्याला लावली. श्रद्धांजलीच्या सभेत उभं राहतात तशी ती दाराशी अदबीनं उभी राहून ऐकत होती. क्षितिजावर अजून एक लाल रेघ होती, आणि प्रेम त्या रेघेचं वर्णन करत होता.

तिनं मोबाईलमध्ये पाहिलं.

"लवकर विझव रे, प्रेम. नांदेडची बस चुकंल."

प्रेमनं सूर्य घाईघाईनं विझवला.