निळी की काळी

"रंगबिंग राहू दे, आधी वाजवून पाहू दे," म्हणत विश्वासरावांनी पिशवीतून हातोडी काढली आणि त्यांची बायको रत्नप्रभा दोन पावलं पुढे सरकली.

बडा तालाबच्या काठावर दोन जुन्या लाकडी नावा पालथ्या पडल्या होत्या. निळी देखणी होती, टोकाशी कमळ रंगवलेली. दुसरी डांबर फासलेली, काळीकुट्ट. दोन्ही केशव रैकवार नावाड्याच्या. त्यांतली एक घेऊन विश्वासराव तिची डागडुजी करणार होते आणि मग रोज सकाळी खोल पाण्यात गळ टाकणार होते. माणूस भंडाऱ्याचा, मासळीवर वाढलेला. कारखान्याच्या नोकरीने भोपाळला आणलं आणि उभा जन्म काठावर बसून बोटभर माशांवर भागवला. निवृत्तीनंतर डोक्यात हे एकच खूळ उरलं होतं.

कारखान्यात त्यांच्या कानाचा दबदबा होता. ओतीव लोखंडावर हातोडी मारायची आणि आत चीर आहे की नाही ते सांगायचं. त्यांनी वाजवल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. तो कान आता गेला होता. कुकरच्या शिट्ट्या रत्नप्रभा मोजायची, बेल वाजली की दार तीच उघडायची, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लेकीने एकदा कानाच्या मशीनचा विषय काढला, तर "जन्म मशीनींत गेला, आता कानातही मशीन घालू?" म्हणून बाबा दोन दिवस फुगून बसले होते.

विश्वासरावांनी निळीच्या तळावर हातोडी मारली. भद्. पुन्हा मारली. भद्. रव्याच्या पोत्यावर मारावी तशी.

"ऐकलंस? कशी ठणठणीत वाजून राहिली!"

केशव तालाबाकडे बघू लागला.

गप्प बसावं, तर हा माणूस कुजक्या तळाची नाव घेऊन खोल पाण्यात जाणार. बोलावं, तर परक्यासमोर त्यांचा एकुलता एक तोरा मोडणार. रत्नप्रभाचा या माणसावर जीव होता, आणि खरं सांगायचं तर त्या तोऱ्यावरही होता.

"अहो, द्या ना जी ती हातोडी. एवढी वर्षं तुमच्याकडून नुसतं ऐकलं, एकदा मीही वाजवते."

"तुला काय कळते त्यातलं?"

"नाही कळत, म्हणून तर."

तिने निळी वाजवली. परक्यासमोर त्यांना खोटं पाडायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा, असं तिने मनाशी घोकलं होतं. मग काळीकडे गेली. ठण्! असा खणखणीत आवाज आला की तिच्या भुवया आपोआप वर गेल्या.

"केशव, ये काली वाली लेंगे," विश्वासराव म्हणाले. "नीली का तला गया है, भाई."

"सही बोले बाबूजी," केशव ओशाळून म्हणाला आणि वल्ही आणायला झोपडीकडे निघाला.

रत्नप्रभा बघतच राहिली. तिने मान वर केली तेव्हा त्यांची नजर नावेवर नव्हतीच, तिच्या तोंडावर होती. घरी बेल वाजली की ते आधी तिच्याकडे बघत आणि मग दाराकडे, हे तिला आत्ता आठवलं. तिचे डोळे भरून आले.

तिने हातोडी परत करायला हात पुढे केला. त्यांनी ती घेतली नाही.

"पलीकडच्या फळ्या राहिल्या," ते म्हणाले. "वाजव. घाई नको करू."

ती नावेपाशी बसली. विश्वासरावही गुडघ्यावर हात टेकत समोर बसले, तिचा चेहरा नीट दिसेल असे.