मोठ्यानं मोजणारा रंगारी

मित्रांनो, माझ्या अंगाला आता बारीक भेगा पडल्या आहेत. कधीकाळी मी हिरवागार होतो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. मी व्यायामाचा एक जुना रबरी पट्टा आहे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोठ्या गुंडाळीतून मला कापलं आणि एका रंगाऱ्याच्या हाती दिलं. वर्षानुवर्षं छतं रंगवून त्याच्या उजव्या खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावली होती. शर्ट घालतानाही तो कळवळायचा. हात डोक्याच्या वर गेला नाही, तर रंगाऱ्याला कामाला कोण बोलावणार?

"काका, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची घडी धरा. ती पडली की चुकलं," बाई म्हणाल्या. "पट्टा हळू ओढायचा, त्याहून हळू सोडायचा. पंधरा वेळा, असं तीनदा. रोज." रोजची खूण करायला त्यांनी एक तक्ताही दिला.

त्यानं मला खिडकीच्या गजाला बांधलं. घरात दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक, बायको गेल्यापासून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. तीन दिवस त्यानं मला उत्साहानं ओढलं. मग कंटाळला. कुणाशी एक शब्दही न बोलता जेवायचा आणि आडवा व्हायचा. मी नुसताच लोंबकळत राहायचो. दोन आठवडे झाले, तेव्हा त्यानं एका बैठकीत सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी तो मला सोडून सोबत घेऊन बाईंकडे गेला. त्यांनी तक्ता पाहिला.

"चौदा दिवसांत शाई बदलली नाही, एक खूणही वाकडी नाही. वा, काका!"

त्याचं पितळ उघडं पडलं. मला हसू आलं, पण बाई हसल्या नाहीत.

"घरी मोजायला कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग मोठ्यानं मोजा. स्वतःला ऐकू जाईल इतकं."

त्या संध्याकाळी तो "एक" म्हणाला आणि स्वतःच दचकला. कितीतरी महिन्यांत त्या घरात कुणाचा आवाज निघाला नव्हता. खाकरून त्यानं पुन्हा सुरुवात केली. सातव्या वेळी टॉवेल पडला. "पडला बघ!" तो म्हणाला, आणि थबकला. मग भिंतीकडची खुर्ची त्यानं उचलून खिडकीकडे वळवली. त्या दिवसापासून तो तिच्याकडे बघून मोजू लागला.

तीन महिन्यांनी त्यानं स्वतःच्या खोलीचं छत रंगवलं. बाईंनी त्याला शाबासकी दिली. मला कुणी दिली नाही, ते जाऊ द्या.

दुखणं गेलं आणि माझी गरजही गेली. "बरं वाटलं तरी आठवड्यातून दोनदा करा," असं बाईंनी बजावलं होतं. तो विसरला. वर्षभर मी उन्हात गजाला टांगलेला होतो. आमचं रबर उन्हानं वाळतं, भेगाळतं. पण त्याहून जास्त छळायची ती मोजण्याच्या आवाजाची आठवण. फार एकटं वाटायचं.

परवा खांदा पुन्हा ठणकला आणि त्यानं मला धरलं. ओढ, असं मला वाटलं. आणि ओढू नकोस, असंही वाटलं, कारण मी तुटलो असतो तर त्या हिसक्यानं त्याचाच खांदा दुखावला असता. त्यानं मला उजेडात धरून पाहिलं, भेगांवरून अंगठा फिरवला आणि गाठ सोडली. आता संपलं, मी म्हटलं.

आता गजाला नवा निळा पट्टा आहे. मला त्यानं टाकलं नाही, घडी करून त्या खुर्चीवर ठेवलं आहे. तो खुर्चीकडे बघून मोजतो आणि मी ऐकतो.

मित्रांनो, वापरून झाल्यावर आम्हाला उन्हातून काढा, पुसून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी एकटंच असा व्यायाम करत असेल, तर जरा शेजारी बसून मोजा. पंधरापर्यंतच तर मोजायचं असतं.