झोपलेला शिपाई

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर परातीएवढा जांभळा, गोल गरगरीत गोळा झळकला आणि चारशे माणसं एका दमात "अगंबाई!" म्हणाली. त्यात मीही होते. काचेवरचा रंग दिलेला थेंब माझ्या सासूबाईंच्या बोटातला होता.

"हा पाहा आजींच्या रक्तातला पांढरा शिपाई!" पडद्याशेजारी सूक्ष्मदर्शक मांडून बसलेले रक्तबाबा गरजले. "मिटलेला! ठार झोपलेला! म्हणून पायाची जखम भरत नाही. गोळ्यांनी हा जागा होतो का? गोळ्यांनी तर घोरतो!"

हशा पिकला. सासूबाईंनी डॉक्टरांच्या गोळ्या तीन दिवसांपूर्वीच बंद केल्या होत्या. पाय काळानिळा पडत चालला होता, आणि त्यांना इथे आणलं होतं मी. माझा रोजचा जप चुकत नाही. बाबाही जपमाळ ओढायचे; देवाचं नाव घेणारा खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं.

बाबांनी सासूबाईंना मंतरलेलं पाणी पाजलं, "जाग रे, जाग!" म्हणत सूक्ष्मदर्शकाची चकती किंचित फिरवली, आणि पडद्यावर तोच गोळा चार पाकळ्यांत उमललेला! आमच्या गल्लीतल्या शिंप्याने तर टोपीच उडवली.

"आई, पाणी कुठे गेलं?" मागून माझ्या नणंदेने विचारलं. ती लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या काचा तपासते.

"पोटात. आणखी कुठे?"

"आणि रक्त?"

"ते काचेवर."

"मग पोटातल्या पाण्याने काचेवरचा शिपाई कसा उठला गं?"

सासूबाईंनी एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. लेकीचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलेलं बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाबा, चकती उलटी फिरवा," नणंद म्हणाली.

"तिला शुद्ध हातच लागतो!"

"मी आंघोळ करून आलेय," म्हणत सासूबाई लंगडत उठल्या आणि बाबांना कोपराने बाजूला सारून त्यांनी चकती फिरवली, तशी भिंगाखालची काच सरकू लागली. मागे. पुढे. पुन्हा मागे.

"झोपला! उठला! झोपला!" सगळं सभागृह ओरडू लागलं. मध्येच दोघे शेजारी शेजारी दिसले, आणि कोपऱ्यात तिसराच एक, नारिंगी दाण्यांनी भरलेला.

"हा कोण? संन्यासी?" शिंपी.

"इओसिनोफिल. ॲलर्जीत वाढतो," नणंद हसत म्हणाली. "गोल केंद्रकाचा तो लिम्फोसाइट, जंतूंची ओळख लक्षात ठेवणारा. पाकळ्यांचा तो न्यूट्रोफिल, आधी धावून जंतू गिळणारा. दोन वेगळ्या जातींच्या पेशी आहेत या! झोपलंय कोण आणि उठलंय कोण? प्रत्येकाच्या रक्तात दोघेही असतात. बाबांच्यासुद्धा."

"बघू तरी!" म्हणत शिंप्याने कॉलरमधली सुई उपसली. बाबा खुर्च्यांवरून उड्या मारत दाराबाहेर!

आम्ही तिथूनच दवाखाना गाठला. डॉक्टर सासूबाईंना नव्हे, मला रागावले. "आणखी दोन दिवस गेले असते, तर पायाची बोटं कापावी लागली असती." महिन्याभराने जखम भरली, गोळ्यांनी.

जप मी आजही चुकवत नाही. पण बायांनो, देवापुढे डोळे खुशाल मिटा. चमत्कार दाखवणाऱ्यापुढे मात्र ते उघडे ठेवा, आणि चकती एकदा स्वतःच्या हाताने उलटी फिरवून बघा.