डाळिंबाचं बारावं फूल

दाराची कडी खडखडली तशी तेस्सा दचकली. नवऱ्याला, नेंचोला, मातीत ठेवून चार दिवस झाले होते. अंगणातली त्याची छिन्नी थांबली आणि घर मुकंच झालं होतं.

दारात मेओकाका. नेंचोचे उस्ताद. काखेत लाकडी साचा.

"चर्चमधल्या वेदीपुढच्या कठड्याचे अकरा खांब बसले, पोरी. बारावा न्यायला आलोय. रीत तुला ठाऊक आहे."

ठाऊक होती. मेलेल्याच्या अर्ध्या राहिलेल्या दगडाला खाणीतला दुसरा कुणी छिन्नी लावत नसे. तो फोडायचा, इमारतीच्या पायात भरायचा. खोकत खोकत नेंचोनं घडवलेला शेवटचा दगड! तो तरी उभा राहावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"अर्धा कुठाय, काका? बूड तेवढं खडबडीत राहिलंय. बघा तरी."

काकांनी अंगणातल्या खांबाला साचा लावला. मानेपाशी बोटभर फट.

"घ्या! वर चूकही. वीस वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी साचा सोडला लेकानं."

"साचा तुम्हीच नेला होतात. तो बिचारा डाळिंबाच्या झाडाखाली बसायचा, हातात फूल घेऊन."

पाच वर्षांची लेक बेत्ता पळत गेली आणि झाडावरून एक लाल, अर्धं उमललेलं फूल तोडून आली. काकांनी ते दगडाशेजारी धरलं. तेच फुगीर पोट, तीच आवळलेली मान, तीच वर उघडणारी कड. म्हातारा दगडाच्या कपच्यांच्या ढिगावर बसला.

"बालाउस्त्रा," ते पुटपुटले. "या फुलाचं नाव. तेच कठड्याच्या खांबाला पडलं. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात फूल दिलं होतं, तेस्सा. मी माझ्या हाताखालच्या पोरांना हा लाकडी साचा दिला."

मग बराच वेळ ते दगडावरून हात फिरवत राहिले.

"भिंतीलगतची जागा रिकामी आहे. तिथं बसवतो. असाच, खडबडीत बुडासकट."

"कुणी नावं ठेवली तर?"

"तर म्हणेन, डोळे फुटले का रे? फूल आहे ते!"

तेस्साला हसू आलं, आणि त्यातच रडू फुटलं. दोघांनी मिळून खांब पेंढ्यात गुंडाळला, गाडीवर चढवला. गाडी उतरणीला लागली. बेत्ता झाडाखाली पडलेली फुलं ओच्यात वेचत होती.

"आई, गळलेल्या फुलाचं डाळिंब होत नाही ना?"

"नाही गं."

"मग बाबाचं दगडातलं फूल झाडावरचं, की गळलेलं?"