नीराबाईचं अर्धं बसकर

मित्रांनो, मी एक जुनं बसकर आहे. खरं सांगायचं तर ताटाएवढंच उरलेलं.

मांडव्याजवळच्या कोळीवाड्यात, तीस सालच्या सुमारास, नीराबाईने मला केलं. शिंप्याकडच्या उरलेल्या कापडाच्या कातरणी आणायच्या, फाटक्या लुगड्यांच्या पट्ट्या काढायच्या, त्यांची वेणी घालायची आणि ती गोल गुंडाळत दाभणाने शिवत जायची. सुरुवात मध्यापासूनच होते. माझ्या मधोमध तिने नवऱ्याचा, धर्माजीचा, विटका लाल रुमाल फाडून घातला. पंधरवड्याच्या मासेमारीला निघताना त्यानेच तो तिच्याकडे टाकला होता. "घे, याचं काय तरी कर," म्हणाला होता.

मी तयार झाल्यावर शेजारणींनी तोंडभर कौतुक केलं. बसायचा मान मात्र सासूचा, वेणूबाईचा. ती दुसऱ्या कुणाला टेकूही देत नसे.

मग धर्माजी परतायच्या आधीच दर्या खवळला. बाकीच्या होड्या परतल्या, धर्माजीची आली नाही. दर्यावर गेलेल्या माणसाचं कापड घरात फाडू नये, अशी वाड्यातली समजूत. वेणूबाईची नजर माझ्या मधल्या लाल पट्टीवर गेली.

"माझा लेक दर्यावर, आन् तू त्याचा रुमाल फाडलास?"

"आय, त्यांनीच दिला. जाताना."

"आता इचारू कुनाला?"

वेणूबाईने मला उसवायला घेतलं. लाल पट्टी सोडवून रुमाल पुन्हा नीट जोडला की लेक परत येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मधलं काढायचं तर बाहेरचं आधी जायलाच हवं. कौतुक करणाऱ्या शेजारणीच हातभार लावायला बसल्या. अधूनमधून त्या नीराबाईच्या बांगड्यांकडे बघत होत्या. मला टाका तुटण्याचं दुःख नव्हतं, त्या बघण्याची भीती वाटत होती.

तेवढ्यात किनाऱ्यावर ओरडा झाला. होडी आली! वादळात ती दिघीच्या खाडीत आसऱ्याला गेली होती. धर्माजी घरात आला आणि चिंध्यांचा पसारा बघून थबकला.

"ह्ये कुनी उसवलं? रुमाल मीच दिला व्हता हिला."

शेजारणी पदर सावरत उठल्या. वेणूबाईने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, खूप रडली, आणि म्हणाली, "नीरा, भात वाढ. पोराला भूक लागली असंल."

नीराबाईने भात वाढला.

त्यानंतर धर्माजीने पुष्कळदा आर्जव केलं, पूर्ण कर म्हणून. शिंप्याकडून नव्या कातरणीही आणल्या. "हात चालत न्हाय," एवढंच ती म्हणते. वीस वर्षं लोटली. मी खुंटीवर आहे, माझ्या पट्ट्या गाठोड्यात आहेत.

मित्रांनो, मला धुवा, ऊन दाखवा, असं मागणं माझं नाही. कुणावर खोटा आळ घेतलात, तर भाताचं निमित्त करून वेळ मारून नेऊ नका. समोर बसून म्हणा, चुकलं माझं. वेणूबाई आता थकली आहे. तिला अजूनही नीराबाईच भरवते, आणि ते दोन शब्द आज तरी येतील म्हणून प्रत्येक घासाला तिच्या तोंडाकडे बघते.