चोराचा शर्ट वाळत घातला होता

गावाबाहेरच्या माळावर पोलीस प्रशिक्षण केंद्र आलं आणि गावाला बरकत आली. येणारच हो. शेकडो पोरं पहाटे उठून धावणार, म्हणजे त्यांना भूक लागणार, घाम येणार, बूट झिजणार. खानावळी निघाल्या, न्हाव्यानं दुसरी खुर्ची आणली, चांभाराला मान वर करायला फुरसत उरली नाही. मावशींनी गणवेश धुण्याची लाँड्री टाकली. आणि मावशींचे यजमान, म्हणजे आपले काका, केंद्रात चोर म्हणून लागले.

हसताय काय? पोलीस घडवायचे म्हटलं की चोर लागतोच. त्याआधी काका दूर शहरात एका गोदामावर रखवालदार होते. मावशी इथे, काका तिथे, वर्षाकाठी एखादी भेट, असा त्यांचा संसार. राखण करताना सदा डोळा लागायचा. चोर झाल्यापासून मात्र माणूस कसा टुणटुणीत राहायचा.

काम सोपं. ड्रिलमास्तरांची शिट्टी वाजली की काकांनी तोंडाला पंचा गुंडाळायचा, पट्ट्यापट्ट्यांचा ढगळ शर्ट चढवायचा, मेसमधला कुकर त्या शर्टात पोटाशी दडवायचा आणि गावातून पळत सुटायचं. पोरांनी धरायचं. पण धरलं की काका घोगऱ्या आवाजात दरडावायचे, मी मोठा साहेब आहे, सोडा मला. साहेब म्हटलं की पोरांचे हात आपोआप कपाळाला जायचे, आणि सलाम उतरेपर्यंत काका पसार. पंच्यामागचं तोंड पोरांनी कधी पाहिलंच नाही. त्यांच्या लेखी काका म्हणजे इस्त्रीचे कपडे पोचवणारा साधाभोळा माणूस. आजवर एकाही तुकडीला चोर सापडला नव्हता आणि काकांना त्याचा कोण अभिमान.

तो अभिमान अंगाशी आला. या केंद्रातल्या पोरांना साधा चोर सापडत नाही, ही बोंब वरपर्यंत गेली. तपासणीला मोठे साहेब येणार, आणि या खेपेलाही चोर निसटला तर केंद्र इथून हलणार, असं ठरलं. केंद्र गेलं की लाँड्री गेली, आणि पुन्हा ते गोदाम, ती खाट, ती एकट्याची भाकर. मावशींनी स्पष्ट सांगितलं की एकदा मुकाट्यानं पकडले जा, काही अंगाला भोकं पडत नाहीत. काका कबूल झाले. तिकडे ड्रिलमास्तरांनीही पोरांना रोज घोकवलं: पट्ट्यांचा शर्ट दिसला की झडप घालायची, मग तो स्वतःला कुणीही म्हणवो.

तपासणीच्या दिवशी मावशींनी काय करावं? साहेबांसमोर नवरा मळक्या शर्टात जाणार म्हणून त्यांनी तो धुऊन, खळ घालून, दोरीवर टाकला. शिट्टी वाजली तेव्हा शर्ट ओलागच्च. काकांनी कपाळावर हात मारला, पंचाही विसरले आणि होते त्या पांढऱ्या शर्टात कुकर घेऊन पळाले.

पळाले खरे, पण मागे कुणी येईना. मग चालले. मग चावडीच्या पायरीवर कुकर मांडीवर घेऊन बसले. पोरं समोरून धावत आली आणि विचारू लागली, काका, चोर इकडून गेला का? काका म्हणाले, मीच चोर. पोरं म्हणाली, काका, आज थट्टा नको, आज आमची परीक्षा आहे. काकांनी त्यांना कुकर दाखवला, त्याची शिट्टीसुद्धा फुंकून दाखवली. तोवर पोरं वळणापलीकडे गेली होती. काकांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

इतक्यात लाँड्रीच्या बाजूनं पट्ट्यांचा शर्ट आला. आत चांगला पोट सुटलेला माणूस, तोंडावर पंचा. काकांचं डोकंच फिरलं. आपल्या शर्टात हा कोण उपटसुंभ? मावशींनी परस्पर दुसरा चोर नेमला की काय?

झालं होतं भलतंच. मोठे साहेब साध्या कपड्यांत, कुणालाही न कळवता आधीच गावात फिरत होते. लाँड्रीसमोर साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि साहेब थेट टबात. कोण कुठला पाहुणा म्हणून मावशी कोरडा शर्ट शोधू लागल्या, पण त्या पोटावर बसेल असा एकच शर्ट होता, आणि एव्हाना तो वाळला होता. तो त्यांनी दिला, वर डोकं पुसायला पंचा दिला. तोंड पुसत पुसत साहेब रस्त्यावर आले.

पोरांनी झडप घातली. एकानं पाय धरले, दोघांनी हात मागे बांधले, चौथा पोटाशी कुकर चाचपू लागला. खालून घोगरा आवाज आला, "मूर्खांनो, मी मोठा साहेब आहे, सोडा मला."

काका उसळलेच. शर्ट तर शर्ट, मेल्यानं वाक्यही चोरलं!

पोरांनी गाठ आणखी आवळली. ड्रिलमास्तर धावत आले, शाबासकी देत देत पंचा काढला आणि खाडकन सलाम ठोकला. काकांच्या मांडीवरून कुकर घरंगळत गेला. गेलं केंद्र, गेली लाँड्री. गोदामाचा तो गंज चढलेला दरवाजा त्यांना समोर दिसू लागला.

साहेब उठले, धूळ झटकली आणि पोट चाचपणाऱ्या पोराला विचारलं, "मी साहेब आहे म्हणून सांगत होतो, तरी सोडलं का नाही?"

पोरगा चाचरत म्हणाला, "साहेब, चोर दर वेळी हेच म्हणतो."

साहेब हसू दाबत म्हणाले की असे पोलीस घडवणारं केंद्र हलवायचं तर कारण काय दाखवायचं, आणि खरा चोर कोण ते विचारलं. काका कुकर छातीशी धरून पुढे झाले. साहेबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि अस्सल पोलिसी आवाजात बजावलं, "परवानगीशिवाय गाव सोडून कुठेही जायचं नाही."

"नाही जात, साहेब," काका म्हणाले, आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. मावशी धावत आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या. काकांनी त्यांच्याच पदराला डोळे पुसले.