ठेवीतलं बियाणं

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तेइजी पायाची नखं कापत होता. पलीकडची बाई काय सांगते ते त्याने शेवटपर्यंत ऐकलं, "बरं" म्हणाला आणि रिसीव्हर बायकोच्या हातात दिला. "तू बोल," म्हणाला. मग राहिलेल्या बोटांची नखं कापून त्याने कचरा कागदात गोळा केला. मिओरी, त्यांची एकुलती एक मुलगी, वय अडतीस, चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी होती तिथेच कोसळली होती. मेंदूतली शीर फुटली. जानेवारीचा महिना होता.

अंत्यविधीला तेइजी दारात उभा राहून आल्यागेल्याचे जोडे सरळ लावत होता. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, काय खंबीर माणूस आहे! खंबीर कसला? बधिर झाला होता तो. पण लोकांना काय, वरून बघायचं आणि शेरा मारून मोकळं व्हायचं.

जन्मभर त्याने कुमामोतो शहरात सिटी बस चालवली. ठरल्या थांब्याला थांबायचं, घंटा वाजली की निघायचं. आता निवृत्त झाला होता तरी तसाच जगत होता. उठायचा, जेवायचा, टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या बघायचा. कोण जिंकलं विचारलं तर सांगता यायचं नाही. मिओरीसाठी अधूनमधून फोन यायचे, कधी दाताच्या दवाखान्यातून, कधी कुठल्या जुन्या मैत्रिणीचा. तेइजी म्हणायचा, "घरी नाही." एवढंच. ती मेली हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोजवळही त्याच्या तोंडून ते निघालं नव्हतं. वाकाए स्वयंपाकघरातून ते "घरी नाही" ऐकायची आणि नळ जरा मोठा सोडायची.

मे लागला तशी वाकाएने कपाटातून चहाचा एक डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मिओरीचं बियाणं आहे. पेरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग मला कळतंय का? डब्यात ठेवून उगवणार आहे का ते?"

हे बियाणं होतं आसागाओचं, म्हणजे गारवेलीचं. पण कुंपणावर चढते ती निळ्या कर्ण्यांची साधी गारवेल डोळ्यांपुढे आणू नका. आमच्याकडे या वेलीची अशी अशी रूपं जपलेली आहेत की पहिल्यांदा बघणारा विचारतो, हिला रोग पडलाय का? मिओरीच्या वेलीची पानं सुईसारखी बारीक आणि आत वळलेली. फूल तर विचारूच नका. पाकळ्या फाटून त्यांच्या नळ्या झालेल्या, नळ्यांची टोकं उलटी फिरलेली, रंग जांभळा आणि कडेला पांढरा. कपडे वाळत घालायच्या गच्चीवर तिने बारा वर्षं ते वाण सांभाळलं. लग्न कर म्हटलं की म्हणायची, "बाबा, पावसाळ्यात गच्ची सोडून कुठे जाऊ?" तेइजीची ड्युटी पहाटेची. फूल उमलतं पहाटे, दहाच्या उन्हात मिटतं. तो दुपारी घरी यायचा तेव्हा वेलीवर लोळागोळा झालेली चिंधी तेवढी दिसायची. तो विचारायचा, "हे का फूल?" ती हसायची.

तर तेइजीने डबा उघडला आणि बी होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलं. थोडं मागे ठेवावं, हे त्याला सुचलं नाही. सांगणारी होती कुठे? सांगितलेलं काम पार पाडायचं, एवढंच त्याला येत होतं. आठवड्याभरात कोंब वर आले. बहुतेकांची पहिली दोन पानं रुंद, सपाट, चारचौघांसारखी. मधूनच एखाद्याची पानं मुडपलेली, पिळवटलेली. ती बघून तेइजी ओणवा झाला. हीच ती, मिओरीची. तो एकेक साधं रोप चिमटीत धरून उपटत गेला. सगळी साधी रोपं बादलीत टाकून, पिळलेली तेवढी त्याने एकेका कुंडीत लावली. हे करताना त्याला बरं वाटलं का? काही वाटलं नाही. पण दुपार गेली.

जुलैच्या शेवटी फुलं उमलली. तेइजी पहाटे उठून त्यांच्यापुढे बसायचा. फुलं सुंदर आहेत हे त्याला कळत होतं. कळत होतं, आणि आत काहीही हलत नव्हतं. स्वतःच्याच पायाला मुंग्या याव्यात आणि तो दुसऱ्याचा वाटावा, तसं होतं ते.

एका सकाळी कुमेआजी आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जन्मभर टोफूचं दुकान चालवलेली, आणि आमच्या आसागाओ मंडळात सगळ्यांत थोरली. मिओरी हिच्याच हाताखाली शिकली. जिना चढून आली, धापा टाकत फुलं बघितली, मान डोलावली.

"सुरेख आलीत रे! हाताला यश आहे तुझ्या." मग इकडेतिकडे बघायला लागली. "साधी कुठे लावलीस?"

"कुठली साधी?"

"यांची भावंडं. रुंद पानांची."

"ती? काढून टाकली."

"किती काढलीस?"

"सगळी."

कुमेआजी तिथल्या उपड्या बादलीवर मटकन बसली.

"अरे कर्मा! तेइजी, अक्कल गहाण टाकलीस का रे? या असल्या फुलांना बी धरत नाही. आत बीज करायची जागाच नसते, सगळ्याच्या पाकळ्या झालेल्या असतात. वाण चालतं ते साध्या भावंडांवर. दिसायला साधी, पण त्यांच्या बियांतून पुढच्या साली पुन्हा असली चार उगवतात. तू ठेवायची ती फेकलीस आणि वांझ तेवढी पुजत बसलास!"

"मग आता?"

"आता काय? यंदा फुललं ते शेवटचं. थंडी पडली की संपलं."

तेइजीने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला.

ते "बरं" ऐकून म्हातारी काही वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वाकाए जिन्यात बार्लीच्या थंडगार चहाचे पेले घेऊन उभी होती.

"एक वाट आहे," कुमेआजी म्हणाली. "आमच्यात ठेवीची रीत आहे. आपल्या वाणाचं चिमूटभर बी दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायचं. वादळ आहे, आग आहे, उंदीर आहेत, एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरचं राहतं. मिओरीने ठेवलं असणारच कुणाकडे तरी."

"कुणाकडे?" वाकाएने विचारलं.

"ज्याच्याकडे आहे त्यालाच ठाऊक. ठेव सांभाळणारा आपण होऊन तोंड उघडत नाही. ज्याचं गेलं त्याने यायचं, मंडळाच्या फुलांच्या प्रदर्शनाच्या सकाळी, फुलं मिटायच्या आत, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. कुणाचं वाण, कुणाच्या हातून गेलं, कसं गेलं. आडपडदा ठेवायचा नाही. मग ज्याच्याकडे असेल तो देतो."

"ही कसली रीत?" वाकाए म्हणाली. "माणसाचा जीव जातोय आणि तुम्ही त्याला चारचौघांत उभं करणार?"

"असं केलं नाही तर जो तो आळशीपणा करेल आणि दरसाल हात पसरेल. मी नाही ठरवलं गं, माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून आहे." म्हातारी गुडघे दाबत उठली. "प्रदर्शन ओबोनच्या आदल्या रविवारी आहे. यायचं तर ये, तेइजी. नाही आलास तर मिओरीचं फूल मिओरीबरोबर गेलं असं समजू."

ती गेली. तेइजी फुलांकडे बघत राहिला.

"जाल ना?" वाकाएने विचारलं.

"बघू."

"बघू नाही. जायचंय. तिचं दुसरं काय उरलंय आपल्याकडे? चष्मे? कपडे? ते मी बांधून ठेवलेत. हे एक जिवंत आहे." तिचा आवाज चढला आणि तिने तो लगेच खाली आणला. गेले सहा महिने ती आवाज खालीच ठेवत होती. नवरा असा दगड होऊन बसलाय, त्याच्यासमोर हंबरडा फोडायचा कसा?

ओबोन म्हणजे गेलेली माणसं घरी यायचे दिवस. मिओरीचं हे पहिलंच. त्यासाठी दारात लावायचा पांढरा कंदील वाकाए आणणार होती. रविवारी पहाटे तिने तेइजीला इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि खालपर्यंत सोडायला आली. "जाऊन येतो," म्हणाला, बसच्या ड्युटीला निघावं तसा.

देवळाच्या आवारात वेताच्या पडद्यांखाली कुंड्यांच्या रांगा लागल्या होत्या. मंडळाची वीसेक माणसं होती, बहुतेक पिकल्या केसांची, हातात पंखे. तेइजीला बघून सगळ्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. मिओरीच्या अंत्यविधीला यातली निम्मी आली होती, त्यांचे जोडे त्याने लावले होते. नवं काही सांगायचंच नव्हतं खरं तर. तरी सगळी गप्प झाली आणि वाट बघत राहिली.

तेइजी उभा राहिला. बस उशिरा का आली याचा डेपोत अहवाल द्यावा तसं त्याने सुरू केलं.

"वाण आमच्या मिओरीचं. सुईपानाचं, जांभळ्या फुलाचं, पांढऱ्या कडेचं. यंदा मी पेरलं. सगळं बी पेरलं, मागे ठेवलं नाही. साधी रोपं उपटून टाकली. चूक माझी आहे. वाण गेलं. कुणाकडे ठेव असेल तर द्यावी."

त्याने वाकून नमस्कार केला. वर आला तरी कुणी जागचं हललं नाही.

"पुरतं सांगितलं नाहीस," कुमेआजी म्हणाली. "वाण तिचं, मग पेरलं तू का?"

"ती नव्हती म्हणून."

"का नव्हती?"

"ती... घरी नाही."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "जाऊ द्या ना आजी, आता पुरे." म्हातारीने मागे वळूनही बघितलं नाही. आवाज टोफू विकतानाचा होता तसाच.

"कुठे आहे?"

तेइजीने तोंड उघडलं. ऊन एव्हाना पडद्याच्या खालून आत येऊ लागलं होतं आणि कडेच्या कुंडीतलं एक फूल मिटायला लागलं होतं.

"मेली," तो म्हणाला.

"जानेवारीत मेली. दुकानात मेली, मी घरी होतो. ती असती तर म्हणाली असती, बाबा, ती साधी नका काढू. सांगायला नव्हती. मला काय ठाऊक? मी कधी बघितलंच नाही फूल, मी यायचो दुपारी. मला वाटलं तिची ती वेडीवाकडीच, साधी ठेवून काय करायचं..." आणि मग शब्द संपले, नुसता आवाज येत राहिला. सदुसष्ट वर्षांचा माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात देवळाच्या फरशीवर गुडघे टेकून, लहान पोर रडतं तसा रडला. मंडळाची माणसं पंखे खाली करून तशीच उभी राहिली. त्याला उठवायला कुणी गेलं नाही, आणि ते बरंच केलं.

बऱ्याच वेळाने कुमेआजी त्याच्याशेजारी येऊन बसली. किमोनोच्या कमरपट्ट्यातून तिने कागदाची पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्याकडेच होती?"

"माझ्याकडेच."

"मग त्या दिवशी गच्चीवर का नाही दिलीत?"

"मागितलीस कुठे? 'बरं' म्हणालास." तिने बाहीने नाक पुसलं. "निम्मी देते. निम्मी ठेव म्हणून माझ्याकडे राहील. आणि साधी उपटलीस तर याद राख, लाटण्याने पाठ सोलीन."

तो घरी आला तेव्हा वाकाए ओबोनच्या डांगोंसाठी, म्हणजे नैवेद्याच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी, तांदळाचं पीठ मळत होती. त्याने पुडी ओट्यावर ठेवली.

"मिळालं?"

"मिळालं. कुमेआजीकडे होतं."

"बरं झालं." तिचे हात पिठातच होते. त्याचे सुजलेले डोळे तिने बघितले. "काय सांगितलंत तिथे?"

"खरं ते."

"काय खरं?"

"तुला ठाऊक आहे."

"मला फोनवरच्या बाईने सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत." ती त्याच्याकडे वळली. "वीस माणसांना सांगून आलात. मला सांगा ना."

तेइजीने ओट्याची कड धरली. देवळात एकदा निघालं म्हणून आता सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते दुप्पट जड झालं होतं.

"वाकाए," तो म्हणाला, "आपली मिओरी मेली गं."

"हो," वाकाए म्हणाली, "हो, मेली," आणि इतके महिने नळाखाली लपवलेला हंबरडा तिने पिठाच्या हातांनी त्याचा सदरा धरून फोडला.